पोट आत धरलं की कविता अडते

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. माझी नात सई काव्यवाचनाच्या स्पर्धेला निघाली होती. कविता महिनाभर तोंडपाठ, पण निघताना मला म्हणून दाखवताना तिसऱ्या कडव्याला अडली. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच!

"लक्ष कुठे आहे गं?" मी विचारलं.

"आजोबा, पोट आत धरलंय. काकू म्हणाली, साडीत टायर दिसतात."

"सगळं लक्ष पोटाकडे, मग कवितेला काय उरणार? जा, रोजचा पंजाबी ड्रेस घालून ये."

"स्टेजवर असली गबाळी जाणार?" काकू कुरकुरलीच.

"गबाळी नाही, मोकळी जाईल," मी म्हणालो.

पंचवटीतल्या स्पर्धेच्या सभागृहात सईनं अख्खी कविता अशी म्हटली, की मागच्या रांगांतली कुजबुजही थांबली. दुसरा नंबर आला!

आणि मला शाळेत शिकवत असतानाचा माझा कवितेचा तास आठवला. नववीतल्या किती मुली उभ्या राहिल्या की ओढणी सावरत अडखळायच्या. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर मी 'पाठांतर कच्चे' असं लिहीत गेलो. चूक माझी होती, पोरींनो. तो शेरा आज मी खोडतो.

तुमच्यापैकी कुणाकुणाला मिळाला होता असा शेरा?