वाकडी टाचणी

तिला सगळे सरळकाठ म्हणत. तिने विणलेल्या साडीचा काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ यायचा आणि जीभही तशीच, कुठे वळायची नाही. नाव नवऱ्याने ठेवलं होतं, लग्नानंतर आठ दिवसांत, आणि ते कौतुकाने नव्हतं. नवरा गेला, नाव राहिलं.

एकोणचाळीस वर्षं ती हातमागावर बसली. विणता विणता कापड रुंदीत आकसतं, म्हणून ते ताणून धरायला बांबूची एक लवचीक काठी लागते. तिच्या दोन्ही टोकांना टाचण्या असतात. चार बोटं विणून झालं की काठी सोडायची, पुढे सरकवायची, पुन्हा टोचायची. म्हणून हातमागाच्या साडीच्या दोन्ही कडांना, थोड्या थोड्या अंतरावर, बारीक भोकं राहतात. सरळकाठची काठी तिच्या आईची होती, घामाने काळी पडलेली. प्रत्येक टोकाला तीन टाचण्या, आणि डाव्या बाजूची मधली जराशी वाकडी.

या भोकांवरून दुकानाच्या मालकाने तिला वीस वर्षं छळलं. साडी उजेडात धरायची आणि म्हणायचं, "मावशी, काम चांगलं आहे हो, पण ही चाळण कशाला केलीत?" मग साडी दुय्यम मालात. ती सांगायची, भोकं नसतील तर ते हाताचं कापडच नव्हे. मालक हसायचा. माणसाला स्वतःच्या धंद्याबद्दल इतकं कमी कळावं आणि तरी त्याचं दुकान दुमजली व्हावं, याला काय म्हणायचं?

मग वारं फिरलं. हाताची साडी ओळखायची तर काठाची भोकं बघा, हे गिऱ्हाइकांना कुणीतरी शिकवलं. बायका दुकानात येऊन आधी कडा उलटायला लागल्या. एका सकाळी मालक सरळकाठच्या दारात उभा. वीस वर्षांत पहिल्यांदा. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणाला, माग दुकानात हलवा, काचेआड बसून विणा, लोकांना दिसू द्या खरी कला काय असते. तिचा फोटोही काढून नेला.

तिला बरं वाटलं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

काचेच्या त्या खोलीत माग कसाबसा मावला. वरून पांढरा झगझगीत दिवा. समोर रस्ता, मागे साड्यांची कपाटं, उजव्या हाताला दागिन्यांचा गाळा. तिथे बसणारा दागिनेवाला मुलाम्याचे हार विकायचा, आणि प्रत्येक हाराला चिठ्ठी असायची: सोन्याचा मुलामा. "माझ्याकडचं खोटं निदान खोटं म्हणून विकलं जातं," असं तो गिऱ्हाइकालाही सांगायचा. म्हणून मालकाला तो फारसा आवडत नसे.

तिसऱ्या आठवड्यात तो चहाचा कप घेऊन मागाशी आला. "सरळकाठ, आज सव्वीस साड्या विणल्यात. हात दुखत नाहीत?"

"काय बडबडतोस? एकीला दीड महिना लागतो मला."

"मग जा की, बघून या. सव्वीस गेल्या. सगळ्यांवर तुमचा फोटो."

ती उठली. कपाटातली पहिलीच साडी ओढली. पदराला जाड कार्ड लटकलेलं, त्यावर ती स्वतः, घरच्या मागावर, हातात आडवा धागा टाकायचा धोटा. खाली छापलेलं: या हातांनी विणलेली. तिने कापड चिमटीत धरलं. यंत्राचं होतं, आंधळ्यालाही कळलं असतं. मग कडा उलटली. भोकं होती. बोट फिरवलं तर प्रत्येक भोकाची कड टणक, जळालेली. तापवलेल्या सुईने पाडलेली.

तीन भोकं, आणि मधलं ओळीतून जरासं वाकडं.

ती वाकडी टाचणी जगात एकाच काठीला होती. त्या काठीच्या बाकी साड्या कधीच्या विकल्या गेल्या होत्या; नमुन्याला उरलेली जुनी साडी एकच, तिच्याच घरातल्या पेटीत, आणि त्या घरात ती आणि सून दोघीच राहत.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा सून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती. पुढ्यात मेणबत्ती, सुई, नव्या साड्यांचा गठ्ठा, आणि मांडीवर नमुन्याला सासूची जुनी साडी. तिने गठ्ठा लपवला नाही.

"वाकडं भोक का पाडलंस?"

"मालक म्हणाले, हुबेहूब पाहिजे."

"काय मन लावून केलंस गं! एवढं मन लावून मागावर बसली असतीस तर आज घरात दोन माग असते."

"आणि दोन माग असते तर दोघी उपाशी राहिलो असतो," सून म्हणाली. सुई तिने परत ज्योतीत धरली. "अहो आई, तुम्ही तिथे काचेत बसता, ते काय आहे? मी भोकं पाडते आणि तुम्ही त्यांची जाहिरात करता. नाव तुमचं सरळकाठ, पण घर वाकड्या टाचणीवरच चाललंय."

सुनेच्या दोन बोटांच्या टोकांवर भाजल्याचे पांढरे फोड होते. घरात दोघींचीच कमाई, आणि दोन्ही त्या एकाच दुकानातून. उद्या तोंड उघडलं तर दोन्ही जाणार, हे सुनेने बोलून दाखवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आई आणि तिची लग्नाची मुलगी काचेपाशी आल्या. मुलीच्या हातात जांभळी साडी, गळ्यात नुकताच घालून बघितलेला हार. मागे मालक, हात चोळत.

"आजी," मुलीने कार्ड पुढे केलं, "ही तुम्हीच विणलीत ना?"

धोटा थांबला. मालकाचं हसू थांबलं नाही.

"नाही," सरळकाठ म्हणाली. "नखाने घास भोक. घास ना. बुजतं? नाही बुजायचं, ते जाळलंय. आता हे बघ." तिने मागावरच्या कापडात काठीने मागे सोडलेल्या भोकावर नख फिरवलं. धागे सरकले, जवळ आले, भोक जवळजवळ नाहीसं झालं. "टाचणी धाग्याला बाजूला करते, मारत नाही."

"मावशी दमल्यात," मालक मुलीच्या आईला म्हणाला. "वय झालं की विसरायला होतं."

"मी विसरले? वीस वर्षं याच भोकांना चाळण म्हणालास, ते तू विसरलास!"

दागिनेवाला मोठ्याने खोकला. मुलीच्या आईने साडी उजेडात धरली, नख घासलं, मग मालकाकडे वळली. "मग दर कमी करा. रंग छान आहे."

आणि घेतली. माझा मालकापेक्षा जास्त राग या वाक्यावर आहे. मालक निदान लबाडी लपवत तरी होता.

सरळकाठने काठी सोडवून काखेत मारली. ताण सुटल्यावर मागावरचं कापड दोन्ही बाजूंनी आत आलं, जसं माणूस थंडीत खांदे आवळतं.

"अर्धी साडी सोडून चाललात? धागा माझा आहे!"

"धागा तुझा, ठेव. काठी माझ्या आईची आणि तोंड माझं." ती कपाटांकडे वळली आणि एकेका पदरावरचं कार्ड तोडायला लागली. कुणी अडवलं नाही. गिऱ्हाइकांदेखत म्हातारीला हात कोण लावणार? मालक नुसता "मावशी, मावशी" करत मागे फिरला. साठ-सत्तर कार्डं तिने पदरात भरली.

घरी आल्यावर ती फरशीवर ओतली. सुनेने त्या ढिगाकडे बघितलं. एवढ्या सासवा एकदम कुणाच्या वाट्याला येत नाहीत.

"झालं तर मग," ती म्हणाली. "माझंही काम गेलं."

"गेलं."

"या गठ्ठ्याचं काय करू?"

"परत दे. जसा आला तसा."

सुनेने मेणबत्ती विझवली. शिव्या घातल्या, मालकाला थोड्या आणि सासूला बऱ्याच. आठवड्याने माग हातगाडीवरून परत आला, सुटा, अर्धी साडी कापून काढलेली. दुकानात आता मालकाने आणलेल्या नव्या मागावर दुसरी बाई बसते, असं दागिनेवाला सांगून गेला. तिला विणता येत नाही. ती रिकामा धोटा इकडून तिकडे टाकते, आणि काचेबाहेर लोक उभे राहून बघतात.

माग जोडताना दुसरी बाजू सुनेने धरली. मग पेटीतले उरलेसुरले रेशमाचे धागे काढून ती गुंडाळायला बसली. गुंडाळायला काही जाड हवं होतं. तिने कार्ड उचललं, मधोमध दुमडलं, आणि सासूच्या तोंडावरून धागा फिरवायला लागली.

"घट्ट गुंडाळ," सरळकाठ म्हणाली. "सैल राहिला तर गुंततो."