जांभळी इरकल आणि एक स्वेटर

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढून टाकलं, त्याला आता वर्ष होत आलं. परत घ्या म्हणून मी कुणाला म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. लिफ्टमध्ये बायका भेटल्या की हसतात, मीही हसते. पण मला का काढलं ते जी ती आपल्या परीने रंगवून सांगते, म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

मी शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावरही आई तिथेच, आमच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत राहिली. आम्ही बौद्ध. हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. राहायला आलो त्याच आठवड्यात एकीने चहाला बोलावून, गोड बोलून आडनावाची खात्री करून घेतली होती.

मंडळाच्या अध्यक्षबाई काही वाईट बाई नव्हेत, हे आधीच सांगते. ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या बादल्या वेगळ्या झाल्या त्या त्यांच्यामुळेच. फक्त एखादं काम मनात आलं की त्यांना आधी त्याचा फोटो दिसायचा आणि मग काम. पावसाळा सरता सरता त्यांनी मीटिंग बोलावली. ‘शाश्वत जीवनशैली’ असं अभियान करायचं, जुने कपडे कचऱ्यात न टाकता घराघरातून गोळा करायचे आणि गरजूंना वाटायचे. कुठे वाटायचे यावर बराच खल झाला. कुणी कारेगावच्या कामगारांच्या खोल्या सुचवल्या. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमचं माहेर दौंडच्या त्या वस्तीतलंच ना? तिथे लागतीलच कपडे. आणि तुम्ही बरोबर असल्यावर बायका मोकळेपणाने घेतील.”

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण मी हसले, “आईला विचारते” म्हणाले आणि घरी आले. दार लावून घेतल्यावर आधी पाण्याचा अख्खा तांब्या प्यायले.

आमच्या घरात एक नियम होता. दुसऱ्याच्या अंगावरचं उतरलेलं आपल्या अंगाला लावायचं नाही. आईच्या सासूपर्यंतच्या बायकांनी ते नेसलं होतं. गावातल्यांनी नेसून नेसून टाकलेलं लुगडं त्यांना मिळायचं, तेही वरून टाकलेलं, हातात दिलेलं नव्हे. वेळप्रसंगी मढ्यावरचंसुद्धा. मग धर्म बदलला, गाव सुटलं, रेल्वेची नोकरी लागली आणि आईने आपल्या उंबऱ्यापाशी हे थांबवलं. शाळेत बाईंनी मला त्यांच्या मुलीचा फ्रॉक दिला होता, फार सुंदर फ्रॉक होता, गुलाबी. आईने तो धुतला, इस्त्री केली आणि परत नेऊन दिला. मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही.

याचा अर्थ आई कपडे वाया घालवायची असा नव्हे. साडी विरली की तिची वाकळ व्हायची, वाकळ फाटली की पायपुसणं, आणि पायपुसण्याचा शेवट चुलीपाशी. याला शाश्वत काहीतरी म्हणतात हे तिला कुणी कळवलं नव्हतं. आणि अगदीच जास्तीचं काही निघालं तर बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती आली की आई पदर खोचून ओट्यावर बसायची आणि एका पातेल्यासाठी दोघी दुपार काढायच्या.

फोनवर मी सगळं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “तुज्या बायकांना सांग, आमी काय उघडं बसलो न्हाई.”

“मी नाही म्हणून सांगते त्यांना.”

“थांब की. न्हाई कशाला म्हंतीस? बोहारनीला मी कवा न्हाई म्हनलं का? ती भांडं देती, आपन कापड देतो. कुनाचा कुनावर उपकार न्हाई. त्येंनी बी तसंच करावं. आमी आमचं ठिवतो, त्येंनी त्येंचं ठिवावं. ज्येला जे आवडंल ते उचलायचं. आन् उचललं का नेसायचं, बोळा करून कोपऱ्यात न्हाई टाकायचं.”

पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडलं. वाटप नाही, अदलाबदल. टेम्पोतून बायकाही येतील, नुसती गाठोडी नाही. प्रत्येकीने एक ठेवायचं, एक न्यायचं, आणि नेलेलं अंगावर घालायचं. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाच्या मनात काय आलं ते मला लख्ख कळलं आणि मी मुद्दाम त्यांच्याकडेच बघत राहिले. शेवटी एक तरुण मुलगी म्हणाली की पुण्यात हल्ली असे ‘स्वॅप’ होतात, फार चालतंय ते. पुण्यात चालतं म्हटल्यावर ठराव पास झाला.

दौंडच्या आमच्या विहाराच्या हॉलमध्ये टेबलं मांडली. शिरूरहून बायका आल्या, बरोबर फ्लेक्स आला आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे दोन खोकेही आले. वस्तीतल्या बायकांनी कपड्यांना रोल-पॉलिश करून आणलं होतं. जयंतीला घालतात तसे ठेवणीतले कपडे घालून त्या आल्या होत्या. आणि आईने टेबलावर आपली जांभळी इरकल ठेवली.

ती साडी मला चांगली माहीत होती. वडील रिटायर झाले तेव्हाची. लाल काठ आणि पदरावर पांढऱ्या रेघा. एकदा लग्नाहून येताना रेल्वेच्या डब्याच्या दाराच्या खिळ्यात काठ अडकला होता, तो आईने निळ्या दोऱ्याने रफू केला होता. आमच्या घरात दोरा कायम निळाच, कारण जयंतीचे झेंडे आईच शिवायची. रफू इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळायचं नाही.

“अगं, ही कशाला?” मी कुजबुजले.

“मंग काय चिंधी ठिवू? त्या आपल्या दारात आल्यात.”

तिने आयुष्यभराचा नियम पणाला लावला होता. तिची साडी कुणीच उचलली नाही तर? शिरूरच्या बायका टेबलाभोवती फिरत होत्या. पिशव्या, ओढण्या, लहान मुलांचे कपडे उचलत होत्या. साड्यांना हात लावत होत्या आणि सोडत होत्या. मग अध्यक्षबाई सरळ आल्या, त्यांनी इरकल उचलली, खांद्यावर टाकून पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आजी, दिवाळीच्या पहाटे हीच नेसणार मी!” टाळ्या पडल्या. फोटो निघाला. तो फोटो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही, त्या क्षणी त्यांचा चेहरा खरंच फुलला होता.

आईने मग त्यांच्या टेबलावरचा एक राखाडी स्वेटर घेतला. हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने तो तिथल्या तिथे अंगात घातला आणि वरचं बटण लावलं. दुसऱ्याच्या अंगावरचं तिने घातलेलं ते पहिलं वस्त्र. घरी जाताना शेजारणीने चिडवलं, “काय मावशी, मॅडम झाल्या!” आई लाजली. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून ती तो रोज घालायला लागली.

दिवाळी झाली. सोसायटीत साफसफाईतून आणखी कपडे निघाले होते. मला न विचारता टेम्पो परस्पर दौंडला गेला आणि विहाराच्या पायरीवर गोण्या उतरवून परत आला. फोटो ग्रुपवर आल्यावर मला कळलं. मी फोन लावायच्या आधीच आईचा फोन आला.

“बाय, माजी इरकल आली.”

“म्हणजे?”

“गोनीत. घडी बी मोडली न्हाई. मी घातलेली घडी तशीच हाय.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वर जाऊन अध्यक्षबाईंना दारात सुनावते. आई म्हणाली, “गप बस. तुमचा कार्यक्रम कवा हाय ते सांग.”

कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. सोसायटीला पर्यावरणाच्या कामाबद्दल कुठलंसं स्मृतिचिन्ह मिळणार होतं आणि आभार मानायचं काम माझ्याकडे दिलं होतं. आई सकाळी एसटीने निघाली, चौफुल्याला गाडी बदलली आणि न्हावऱ्यावरून शिरूरला आली. इरकल नेसली होती. वर तो राखाडी स्वेटर. पार्किंगमध्ये मांडव होता, त्यातल्या पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर ती जाऊन बसली. एकीने तिला मागे बसायला सुचवलं. आई म्हणाली, “मला हितून नीट दिसतंय.”

अध्यक्षबाई पाहुण्यांना घेऊन आल्या. आईला पाहून थांबल्या, हात जोडले आणि मनापासून म्हणाल्या, “अय्या आजी, तुम्ही! साडी काय सुरेख आहे हो. कुठून घेतलीत?”

त्यांनी साडी ओळखलीच नव्हती. मला वाटलं होतं त्या चपापतील, सारवासारव करतील. तेवढंसुद्धा नाही. जी खांद्यावर टाकून त्यांनी टाळ्या घेतल्या ती साडी त्यांनी पाहिलीच नव्हती.

“तुमीच धाडली की,” आई म्हणाली. “गोनीतनं.”

अध्यक्षबाई हसल्या. त्यांना कळलं नाही. आईने काठ उचलला आणि त्यांचं बोट धरून रफूवर ठेवलं. “ह्यो दोरा माज्या हातचा हाय. तुमी नेसनार म्हनून नेली हुती. समद्यांम्होरं.”

आता त्यांचा चेहरा उतरला. “अहो... घाईत... कामवालीने चुकून टाकली असेल हो गोणीत.”

“आसंल. पर नेसायची ऱ्हायली ती तिची चूक न्हाई.”

आई उठली. तिने स्वेटरची बटणं सोडली, सगळी, वरपासून खालपर्यंत. स्वेटर काढला, हातावर नीट घडी घातली आणि स्टेजवरच्या टेबलावर, पाहुण्यांना द्यायच्या रोपांच्या शेजारी ठेवला.

“धुतलेला हाय,” ती म्हणाली. “माजी मला परत आली, तुमचा तुमाला. आता ह्यो मी ठिवला तर फुकटचा व्हतो. फुकटचं आमी घालत न्हाई.”

कुणीतरी घाईघाईने माइक माझ्या हातात दिला. आभार मानून विषय मिटवावा अशी अपेक्षा असावी. मी माइक धरला आणि मला जे वाटत होतं तेच बोलले, “आज मी कुणाचेच आभार मानणार नाही. दौंडच्या बायकांनीही मानू नयेत. इथून पुढे टेम्पो पाठवू नका. यायचं असेल तर स्वतः या, एक ठेवा, एक न्या.” एवढं बोलून मी माइक खुर्चीवर ठेवला.

मी आईला सोडायला स्टँडवर गेले. वारं झोंबत होतं. मी माझी शाल काढून तिच्याकडे धरली, तेव्हा तिने मान हलवली. “तुला थंडी वाजंल,” म्हणाली आणि इरकलीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. एसटी लागली. चढताना काठ पुन्हा दाराशी अडकतोय की काय म्हणून मी खाली वाकले, पण आईने तो आधीच हातात धरला होता.