डिंपलचं पहिलं खापर

शिरपूरच्या आसपासच्या खेड्यांत झुलाल कुंभाराला 'मुका' म्हणतात. तो मुका नाही. गिऱ्हाईक आलं की खापर समोर ठेवतो, किंमत सांगतो आणि गप्प बसतो. घासाघीस करणाऱ्याशी दोन वेळा तेच बोलतो, तिसऱ्यांदा आत निघून जातो. तरीही आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आली की बाया त्याच्याच अंगणात येतात. कारण मांडे भाजायचे तर मातीचं खोलगट खापर लागतं. पुरणाचा मांडा हातावर चादरीएवढा वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या खापरावर टाकायचा. ऐन सणाला, माहेरवाशिणी घरात असताना खापर तडकलं तर त्या बाईची शोभा होते. झुलालचं खापर तडकत नाही.

त्याचं कारण साधं आहे. माती दोनदा चाळायची, मग भिजवायची. आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, थंड झाला की प्रत्येक खापर उचलून बोटाच्या पेरानं चहूबाजूंनी वाजवायचं. खणखणीत वाजलं तर विकायचं. कुठं बद्द वाजलं तर तिथंच फोडायचं. शंका असली तर आधी आपल्या चुलीवर चढवायचं, लोकांच्या नाही. एवढंच. पण एवढंच रोज करणारे थोडे.

या स्वभावाचं मोल झुलालनं भरलेलं होतं. सख्खा भाऊ बद्द मडकी विकतो म्हणून त्याच्याशी बोलणं तुटलं. लग्नाकार्यात चार माणसांत बसून त्याला हसता येत नसे. त्यामुळे मुलगी झाली तेव्हा त्यानं मनात एकच मागितलं होतं, पोर ज्योतीवर जावो. ज्योती, त्याची बायको, बोलकी. बाजारात तिच्याभोवती बाया जमतात.

डिंपल नऊ वर्षांची झाली आणि ज्योतीवर गेली नाही. अक्षर वाकडं आलं की पान न फाडता पुसून पुसून पुन्हा काढायची. भांडण झालं की माफी मागायची नाही, दुसऱ्या दिवशी त्याच पोरीचं दप्तर उचलून द्यायची. लागलं, दुखलं तर रडायची नाही, खालचा ओठ आत ओढायची.

"बठ्ठा तुमनाच गुन शेतस," ज्योती नवऱ्याला म्हणायची. "एक मुका कमी व्हता का घरमा!"

झुलालची मायही त्याच्याबद्दल सांगायची की झुल्यानं ओठ गिळला म्हणजे समजावं, त्याला लागलं.

यंदा आखाजीच्या आधी परीक्षा संपली आणि डिंपलनं बापाकडे माती मागितली. आपलं स्वतःचं खापर करायचं म्हणाली. झुलालनं दिली. माती तिनंच चाळली, तिनंच तुडवली. थापीनं ठोकून ठोकून आकार आणला. एकदा काठ जाड झाला तर मोडून सगळं परत केलं. बाप समोरच काम करत होता, पण तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आवा उघडला. बाकीच्यांत डिंपलचं खापर लाल, गोल, देखणं निघालं. ज्योतीनं मोबाईलवर फोटो काढून जळगावच्या बहिणीला पाठवला. तिकडून मावशीचे, मामाचे अंगठे आले. झुलालनं खापर हातात घेतलं, मध्यावर एकदा वाजवलं.

"चांगलं शे," तो म्हणाला आणि विकायच्या रांगेत ठेवलं.

डिंपलचा चेहरा फुलला. पण जेवण झाल्यावर ती त्या खापराजवळ बराच वेळ बसून होती.

दुपारी कुंदाबाई आल्या. कुंदाबाई दरवर्षीचं गिऱ्हाईक, जिभेनं तिखट.

"झुलालभाऊ, यंदा माले चांगलं खापर जोयजे. आंडेर येई ऱ्हायनी सुरतथून, जवाई बी येस." त्यांची नजर रांगेवरून फिरली. "हाई कोनं? हाई तं भारीच साजरं शे."

"पोरनं," झुलाल म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते ज्योतीला कळलं. ती पदराआड हसली.

"मंग माले हाईच दे."

झुलाल उचलायला वाकला तर डिंपल मध्ये उभी राहिली.

"नही."

"काय नही व?"

"हाई देवानं नही."

"अहो बाई!" कुंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "मुकानी पोर! तोंड उघाडस तं 'नही' म्हनाले!"

डिंपलनं खापर मांडीवर घेतलं आणि काठापाशी वाजवलं. "आठे बद्द वाजस."

झुलाल खाली बसला. त्यानं तिथं वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग मान वर केलीच नाही. सकाळी त्यानं काठाकडे वाजवलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाचं खापर असतं तर चहूबाजूंनी वाजवलं असतं.

"थोडंसं शे," तो हळू म्हणाला. "चाली जाई."

हे शब्द या अंगणात कधी कोणी बोलले नव्हते. डिंपल बापाकडे पाहत राहिली. मग उठली, चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या लावल्या, पेटवल्या आणि खापर पालथं चढवलं.

"अव, पयलं खापर शे तुनं!" ज्योती धावली. झुलालनं हात आडवा केला. "करू दे तिले."

कुंदाबाईही बाजेवर टेकल्या. पऱ्हाट्या धडधडल्या. खापर तापलं, तापत राहिलं. ज्योतीला वाटलं, टिकलं. आणि तेवढ्यात तड असा आवाज आला. काठापासून माथ्यापर्यंत चीर गेली.

डिंपलनं खालचा ओठ आत ओढला.

"आच कमी पडनी व्हई, माय," कुंदाबाई म्हणाल्या. आता त्यांच्या जिभेत तिखट नव्हतं. "नही तं मातीच खराब व्हई. तुना काय दोस?"

डिंपलनं खापर निवू दिलं. मग चिरेवर दगड मारून तुकडे केले आणि एकेक पाहिला. एका तुकड्यात हरभऱ्याएवढा पांढरा चुनखडीचा खडा निघाला. तिनं तो बापाच्या हातावर ठेवला.

"शेवटनी टोपली मी एकदाच चाळी," ती म्हणाली. "झोकावर जावानं व्हतं."

त्या दिवशी आखाजीचा झोका निंबाला बांधलेला, मैत्रिणी हाका मारत होत्या. दुसरं पोर असतं तर गप्प बसलं असतं. आच होती, माती होती, चांगलं म्हणणारा बाप होता. नाव घ्यायला पुष्कळ होते. पोरीचं खापर फुटलं, पण तिनं ते कोणाच्या डोक्यावर फोडलं नाही.

झुलाल त्या खड्याकडे पाहत होता. जो स्वभाव पोरीत येऊ नये असं त्यानं मागितलं होतं, तोच आज समोर उभा होता. आणि तो त्याला आवडला. सकाळी त्याच्या हातून जे सुटलं होतं, ते पोरीनं धरून ठेवलं होतं.

त्यानं रांगेतलं आपलं एक खापर उचललं, कुंदाबाईंना द्यायच्या आधी डिंपलपुढे धरलं. तिनं चहूबाजूंनी वाजवलं. काठापाशी कान लावून परत वाजवलं.

"घ्या, मावशी."

"मुकीनी पास कयं," कुंदाबाई हसल्या. "आते मी काय बोलू!"

त्या गेल्यावर डिंपल चाळणी घेऊन मातीच्या ढिगाशी बसली. झोक्यावरून हाका आल्या. तिनं मान वर केली नाही. झुलाल जवळ गेला आणि चाळणी धरायला हात पुढे केला.

"मीच," ती म्हणाली.

झुलाल थोडा हसला आणि आपल्या कामाला वळला. त्याच्या पाठीमागे चाळलेली माती टोपलीत पडत होती. टोपली भरली. डिंपलनं ती परत चाळणीत ओतली.