काकूची दाढ

तोंडात मिसरी असली की काकू आभाळाकडं बघून बोलायची. भांडतानासुद्धा हनुवटी वर. काळा ओघळ ओठांतून खाली येऊ नये म्हणून ही युक्ती. पण नवख्या माणसाला वाटायचं, बाई देवाशीच भांडते आहे. तिनं तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्खी गल्ली शिंकायची. "शिंका, शिंका. डोकी मोकळी व्हतेत," असं ती वर सुनावायची.

माझी आई लवकर गेली. पहिली ते दहावी मी मुखेडला या चुलतीच्या घरी वाढलो. माझे दुधाचे दात तिनंच पाडले. दात हलायला लागला की ती मला उंबऱ्यात बसवायची आणि पदर बोटाला गुंडाळायची. मी आधीच भोकाड पसरलेलं असायचं. "रड की, कोण न्हाई म्हनलंय? पन तोंड उघडं ठिऊन रड," असं म्हणेपर्यंत दात तिच्या हातात आलेला असायचा. मग तो शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकायचा आणि मला गुळाचा खडा मिळायचा.

पुढं मी नांदेडला प्राध्यापक झालो. भाषा सुधारली, जरा नको तेवढीच सुधारली.

तीन वर्षांपूर्वी काकूची दाढ सुजली. गालाला फडकं बांधून ती एसटीनं नांदेडला आली. मी तिला दाताच्या दवाखान्यात नेलं, तर बाकावर आमचे प्राचार्य बायकोला घेऊन बसलेले. काकू नेमकी तेव्हाच उठली आणि पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये मिसरी पचकन थुंकली. प्राचार्यांच्या बायकोनं नाकाला रुमाल लावला. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं, "पेशंट तुमच्या कोण लागतात?"

"गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. "ओळखीच्या."

वळून पाहिलं तर काकू मागंच उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गुमान बाकावर जाऊन बसली.

आत खुर्चीत बसवल्यावर डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, घाबरू नका. सर आहेत ना सोबत."

"हाव. लई चांगला मानूस हाय सर," काकू म्हणाली. "ना नात्याचे ना गोत्याचे, पन माज्यासाठी कालेज सोडून आलेत बिचारे."

मी दारात उभा होतो. जन्मात पहिल्यांदा तिनं मला अहो-जाहो केलं होतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून म्हातारीनं त्याला खांदा दिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दाढ निघेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी कापूस दाबून धरायला सांगितला आणि तासभर बोलायचं नाही, असं बजावलं. रिक्षात ती सवयीनं हनुवटी वर करून बसली होती. 'काकू, चुकलो' एवढंच म्हणायचं होतं. पण ती आत्ता बोलू शकत नाही, मग निवांत बोलू, असं मी स्वतःला समजावलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

स्टँडवर मुखेडची गाडी लागली होती. खिडकीतून कापूस टाकून ती म्हणाली, "जा रं आता. तुजा तास बुडून राहिला."

पुन्हा अरे-तुरे ऐकून मला वाटलं, मिटलं.

काकू परत कधी नांदेडला आली नाही. बोलावलं की म्हणायची, "माजं काय काम हाय तिथं?" मीही फार आग्रह केला नाही. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली.

मागच्या आठवड्यात माझी दाढ काढली. तोच दवाखाना, तीच खुर्ची. चिमटा तोंडात असतानाच डॉक्टरांना आठवण झाली. "सर, मागं तुम्ही एका आजींना घेऊन आला होतात बघा. ओळखीच्या. कशा आहेत त्या?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखतंय का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. गाल तर केव्हाच बधिर झाला होता. मी तोंड उघडं ठेवून रडत होतो. दाढ निघाली, चिमटा बाहेर आला. चुलती होती माझी, तिनंच वाढवलं मला, हे सांगायला मी जीभ हलवली, तेवढ्यात डॉक्टरांनी कापसाचा बोळा ठेवला.

"दाबून धरा, सर. आता तासभर बोलायचं नाही."