एकमताने वर झालेले हात

सरकारी कचेरीत किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फाईल बंद होते, दप्तरखान्यात जाते, आणि तिच्यातला किस्सा तेवढा बाहेर राहतो, चहाच्या टेबलावर. आमच्या कचेरीत असे पुष्कळ साठलेत. पण नवा माणूस रुजू झाला की फर्माईश ठरलेली असते, "साहेब, तो समितीचा सांगा की!" आणि मी सांगतो. इतक्या वेळा सांगितलाय की कुठं थांबायचं, कुठं हशा येतो, हे मला पाठ आहे.

त्यातलं एक माणूस मात्र मी दरवेळी गाळतो. ते माणूस म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आज तिला न गाळता सांगतो.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कनिष्ठ लिपिक होतो आणि हेडक्लार्क होते भाऊसाहेब. समित्या कशा सांभाळायच्या याचं त्यांचं एक शास्त्र होतं. "समितीला अभ्यासाला विषय कमी पडला तर चालंल, खुर्ची कमी पडाय नको."

एक दिवस पत्र आलं. विधिमंडळाची अभ्यास समिती जिल्ह्यात येणार. विषय : बधिर व्यक्तींना दवाखाने, न्यायालयं आणि कचेऱ्यांत दुभाषी मिळतो का, त्यासाठी पद निर्माण करावं का. पत्राखाली एक ओळ होती, 'बैठकीच्या वेळी दुभाषी उपस्थित ठेवावा.'

आमचा जिल्हा सीमेवरचा. दुभाषी म्हटल्यावर इथं एकच अर्थ निघतो. भाऊसाहेबांनी वरची ओळ वाचलीच नाही, खालची वाचली आणि कागलला निरोप धाडला. तिथं एक निवृत्त गुरुजी होते. कानडी फर्डं बोलायचे.

मला पत्राचा अर्थ कळला होता. टाईप केलेला निरोप माझ्याच हातातून गेला. मी म्हणालो नाही, की भाऊसाहेब, कानडी नव्हे, हातांची भाषा. कारण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?

*

मला कसं ठाऊक, ते सांगतो. तीन वर्षांची असताना तापात अक्काचे कान गेले. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मला बोलायला यायच्या आधी हातांनी सांगायला यायला लागलं, असं आई सांगायची.

पेठ वडगावला आमच्या घरात एक रीत होती. खिडकीला किंवा दाराला पाठ करून कुणी बोलायचं नाही. उजेड मागून आला की माणसाचा चेहरा काळा होतो, ओठ दिसत नाहीत, हातही नुसते सावलीसारखे हलतात. अक्काला मग काही कळायचं नाही. ती उजवा हात वर करायची, पंजा उघडा. म्हणजे, दिसत नाही, सरक.

पाहुणे आले तरी बाबा सांगायचे, "पावणं, जरा हिकडल्या अंगाला बसा की." पाहुण्यांना वाटायचं, ही मानाची जागा असावी. ते संकोचून म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या हो, हितंच बरं हाय." आणि पलीकडं अक्काचा हात वर!

*

अक्का सातवीपर्यंत शिकली. पुढं कबनूरला मावशीकडं राहून ती एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला, म्हणजे बाण्याचं सूत गुंडाळायला लागली. मी तिथं एकदा गेलतो. मागांचा खडखडाट इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळं तिथं सगळेच हातांनी बोलतात. चहा आला, सूत संपलं, मालक आला, सगळं हातांनी. आणि त्या सगळ्यांत हुशार अक्का. बायका तिच्या खुणा उचलायच्या. एखादा माग बंद पडला तर मुकादमाच्या आधी तिला कळायचं, फरशीवरच्या पायांना.

मुकादम मला म्हणाला, "तुमची बहीण हितली सगळ्यात बोलकी बाई हाय बगा."

मी इकडंतिकडं बघितलं, आमच्या कचेरीतलं कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. कबनूरच्या शेडमध्ये आमच्या कचेरीतलं कोण असणार! पण बघितलं खरं. मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं, की मला अशी बहीण आहे. स्थळं बघणं चाललं होतं माझं. लोक विचारतात, घरात आणखी कुणाला असं आहे का. लग्न झालं, तरी न सांगण्याची सवय राहून गेली.

*

समितीच्या बैठकीची जाहिरात कशी केली, यावर चहाच्या टेबलावर सगळ्यात मोठा हशा येतो.

भाऊसाहेबांनी रिक्षा ठरवली, वर कर्णा लावलेली. दोन दिवस ती गावभर आणि इचलकरंजी-कबनूरपर्यंत फिरली. "सर्व बहिऱ्या बंधुभगिनींनी लक्षपूर्वक ऐकावे!"

मजकूर माझा होता. 'लक्षपूर्वक ऐकावे' हे शब्दसुद्धा माझेच. प्रत्येक दवंडी तशीच सुरू व्हायची, म्हणून लिहिलं.

रविवारी अक्का घरी आली. तिनं हातांनी विचारलं, ती रिक्षा गेली आणि रस्त्यावरची माणसं माझ्याकडं बघून हसली, काय होतं तिच्यात? मी सांगितलं, सिनेमाची जाहिरात. तिनं मान हलवली. आणि पिशवीतून वहीच्या पानाची घडी काढून माझ्यापुढं ठेवली. बैठकीचं तिला आधीच कळलं होतं, बहिऱ्या मंडळींत कार्डं फिरली होती. पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं :

'सरकारी दवाखान्यात नाव पुकारतात. मला ऐकू येत नाही. दोनदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून परत आले. तिथे खुणा येणारा एक माणूस ठेवा.'

एवढंच तिला हवं होतं. एक माणूस. हे टाईप कर, म्हणाली, साहेबांना वाचता येईल असं.

मी टाईप केलं. 'सदर अर्जदार यांस श्रवणदोष असल्याकारणाने' असं सुरू करून चांगलं पाऊण पान केलं. तिनं ते वाचलं आणि विचारलं, यात मी कुठं आहे? मी 'अर्जदार' या शब्दावर बोट ठेवलं.

*

बैठक विश्रामगृहाच्या हॉलमध्ये झाली. पंधरा-वीस बहिरी माणसं आली होती. अक्का दुसऱ्या रांगेत, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. मी बाजूच्या टेबलावर इतिवृत्त लिहायला. अध्यक्षांची खुर्ची भाऊसाहेबांनी मधोमध मांडली होती, मोठ्या खिडकीसमोर, म्हणजे वारा लागावा. खिडकी अध्यक्षांच्या पाठीशी. सकाळचं ऊन थेट आत.

अध्यक्ष बसल्या बसल्या म्हणाले, "दुभाषी कुठे आहेत?"

कागलचे गुरुजी उठले. धोतर सावरलं, नमस्कार केला. तोवर त्यांनी आपलं काम सुरूही केलं होतं, पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना "ऊटा आयता?" म्हणून जेवणाचं विचारलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून ते जरा नाराज होते. अध्यक्षांना सांगितलं, "साहेब, ही मंडळी कानडी समजत नाहीत."

हा किस्सा मी इथं थांबवतो. हशा होतो, चहा संपतो. पुढचं आजवर सांगितलं नाही.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांच्या लक्षात घोळ आला. हॉलभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "इथे कुणाला यांच्या खुणा येतात का? कुणालाही?"

मी रजिस्टरात तारखेखाली रेघ मारत होतो. ती रेघ मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. वर न बघताही मला कळत होतं, की दुसऱ्या रांगेतून कोण बघतंय. तिनं माझ्याकडं बोट केलं असतं तर मला उठावं लागलं असतं. तिनं केलं नाही.

"बरं," अध्यक्ष म्हणाले, "मसुदा वाचून घेऊ." मसुदा भाऊसाहेबांनी आधीच तयार ठेवला होता, सुवाच्य प्रत माझी. 'बधिर व्यक्तींचे नातेवाईक दुभाष्याचे काम समाधानकारकरीत्या करीत असल्याने स्वतंत्र पदाची तूर्त आवश्यकता नाही.' अध्यक्षांनी ते हळूहळू, मोठ्यानं वाचलं. खिडकीतल्या उन्हात त्यांचा चेहरा पार काळा दिसत होता.

अक्कानं उजवा हात वर केला. पंजा उघडा.

बाकीच्यांनाही काही दिसत नव्हतंच. तिचा हात बघून शेजारणीनं वर केला, मग मागच्या रांगेनं, मग सगळ्यांनी. हॉलभर उघडे पंजे. दिसत नाही, सरका.

अध्यक्ष खूश झाले. "वा! मुंबईतसुद्धा एवढी एकी बघायला मिळत नाही. लिहा, एकमताने."

मी लिहिलं, एकमताने. अक्काचा अर्ज परिशिष्ट क म्हणून मागं टाचला.

*

संध्याकाळी खुर्च्या मोजून घेताना भाऊसाहेब म्हणाले, "काय रं, त्या दुसऱ्या रांगंतली हिरव्या लुगड्याची बाई सारखी तुझ्याकडंच बगत हुती. वळखीची हाय व्हय?"

मी म्हणालो, "न्हाय ओ."

*

अहवाल छापून यायला बरीच वर्षं गेली. तोवर मी वरिष्ठ लिपिक झालो होतो आणि भाऊसाहेब निवृत्त. पुस्तक जाड होतं. आत आमच्या बैठकीचा फोटो, सगळ्यांचे हात वर. खाली ओळ, 'समितीच्या शिफारशीस एकमताने पाठिंबा दर्शविताना बधिर बंधुभगिनी.'

अक्कानं प्रत मागून घेतली. सावकाश वाचली. 'नातेवाईक' या शब्दावर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्याकडं केलं. आणि हसली. अक्का हसली की तिचा आवाज फुटायचा, लहान मुलासारखा. त्या दिवशी ती बराच वेळ हसत होती. मला वाटत होतं, रागवावं हिनं. पण तिनं कात्री मागितली, फोटो कापून घेतला, आणि कबनूरला कांडी मशीनच्या वर भिंतीवर चिकटवला. मुकादम आल्यागेल्याला दाखवायचा, "आमची बाई पुस्तकात हाय."

*

शेवटचा किस्सा.

अक्काच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी तिला सरकारी दवाखान्यात नेलंच नाही, एका खाजगी ठिकाणी दाखल केलं. तिथं नाव पुकारत नव्हते. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. मला बाहेर बोलावून त्यांनी सगळं नीट समजावलं. गाठ पसरली आहे, प्रकृती बघता ऑपरेशन अवघड आहे, टेबलावरून परत येतीलच असं सांगता येत नाही. केलं नाही तर काही महिने मिळतील. मग म्हणाले, "निर्णय पेशंटचाच हवा. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. पण तुम्ही भाऊ आहात ना, तुम्हाला खुणा येतात. नातेवाईक असला की आम्हाला काळजी नसते."

आम्ही दोघं खोलीत गेलो. सकाळची वेळ होती. अक्का उशीला टेकून बसली होती. खोलीत मोठी खिडकी होती, आणि मी जाऊन त्या खिडकीपुढंच उभा राहिलो.

मी हातांनी सांगायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं की थोडंच सांगितलं, हे माझ्या हातांना ठाऊक.

अक्कानं डोळे बारीक केले. माझ्याकडं बघत राहिली. मग उजवा हात वर केला, पंजा उघडा. सुई टोचलेला हात होता तो, नळी हलली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काय म्हणताहेत?"

ऊन माझ्या पाठीला लागत होतं.

मी म्हणालो, "ऑपरेशनला तयार आहे म्हणते."