बंद व्हायला तयार नसलेलं मशीन

उरणच्या एका कंटेनर गोदामात अरुणा वाघमारे बारा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती, आणि एवढ्या काळात ती कोणाशी गोडीने बोलल्याचं ऐकिवात नाही. त्यातही मॅनेजर कुंदन पाटलाचं नाव निघालं की तिच्या कपाळावर आठ्याच. माणूस गावचा, गोदामाची जमीन एकेकाळी त्याच्याच घरची. तो ऐकणार कोणाचं?

सोमवारी तिने लिनक्सचं नवं व्हर्जन चढवलं आणि त्या संध्याकाळपासून मुख्य मशीन बंद होईना, रीस्टार्टही होईना. स्क्रीनवर एकच ओळ, काम चालू आहे, थांबा. सेकंद आपले वाढताहेत. कुंदनने तीन दिवस बटण दाबून धरून त्याचा गळा आवळला. वर मालक शेठना सांगून मोकळा, "म्याडमनी चांगली मशीन बिगरवली." सयाजीशेठनी अरुणाला तोंडावर सांगितलं, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर एजन्सीची माणसं येतील, तुम्ही घरी बसा.

शुक्रवारी ती दातओठ खात मशीनचा लॉग, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचायला बसली. बॅकअप साठवणारा डिस्कचा डबा मागच्या खोलीत होता; बंद होताना मशीन त्याच्या उत्तराची वाट बघत होतं. डबा मात्र आधीच मेलेला. मारणारा कुंदन! संध्याकाळी तो त्या खोलीत आजोबांच्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि बाहेर पडताना तिथला मेन स्विच पाडायचा, रोज, पुढच्या खोलीतलं मुख्य मशीन चालू असतानाच. अरुणाला आसुरी आनंद झाला. सापडला मेला!

पण मग इतकी वर्षं मशीन बंद कसं होत होतं? तिने मशीनमध्ये बाजूला पडलेली जुनी सेटिंगची फाईल उघडली आणि आनंद जागीच विरला. उदबत्तीचं तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. या माणसाच्या तोंडी कोण लागतं, म्हणून तिने तेव्हा गुपचूप फाईलमध्ये एक ओळ घातली होती: डबा उत्तर देत नसेल तर वाट न बघता बंद हो. सोमवारी अपग्रेडने विचारलं होतं, तुमची फाईल ठेवू की नवी घेऊ? कुंदन बाहेर कोणावर तरी खेकसत होता. वैतागून तिने 'नवी' दाबलं होतं.

ओळ परत घातली. मशीन आठ सेकंदांत बंद होऊन पुन्हा सुरू झालं.

"चूक कोणाची?" शेठनी विचारलं. कुंदन शेजारीच उभा होता. स्विचचं नाव घेतलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण या माणसाला हरवायला खोटं बोलावं लागावं, हे तिला सोसेना.

"माझी," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. आता हा तोंड सोडणार, म्हणून तिने जबडा आवळला.

"जाऊं द्या शेठ," कुंदन म्हणाला. "म्याडम हायत म्हनून चाललंय. ऱ्हाऊं द्या त्यांना."

शेठनी मान डोलावली. नोकरी राहिली. कुंदनची बोलणी तिने वर्षानुवर्षं पचवली होती. हा चांगुलपणा काही घशाखाली उतरेना. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पाटील," ती ओरडली, "तुम्हाला मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं?"