एका कोयत्याचा एकच फॉर्म

निवृत्त माणसाने आमंत्रण स्वीकारण्याआधी नकाशा बघावा. आयटीआयमधून सुटून दोन वर्षं झाली होती, तरी एका संस्थेचा फोन आला आणि मी हो म्हणून बसलो. अंबाजोगाईला पाच दिवस ऊसतोड कामगारांना तोडणीचं यंत्र शिकवायचं. आयुष्यभर जे जे शिकवलं ते मोडीत निघालं, आता हे.

पुण्याहून सकाळची एसटी धरा आणि डावीकडची खिडकी घ्या, ऊन लागत नाही. जामखेडपर्यंत ठीक, पुढे आपली कंबर आपण सांभाळावी. मांजरसुंब्याला रबडी खा. मी दोन वाट्या खाल्ल्या, प्रवासातलं सुख तेवढंच. केजच्या पुढे टँकरची वाट बघणारे हंडे आणि उभा वाळलेला ऊस. लॉज पाचशे रुपये, अंघोळीला एकच बादली.

वीस जागा होत्या, एकोणीस फॉर्म भरून आले. त्यात निवृत्ती आणि त्याची बायको सुगंधा यांचा फॉर्म एकच. दुसरा कुठे, असं विचारलं.

"आमी दोघं मिळून एकच कोयता हाय, सायेब," निवृत्ती म्हणाला.

ऊसतोडीत जोडपं म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, मुकादमाच्या यादीत नाव एकच. इथेही तसंच असेल असं त्यांना वाटलं. सुगंधाबाई मागच्या बाकावर बसून राहिल्या. निवृत्ती अडला की त्याच हळूच पुढचं सांगायच्या.

शेवटच्या दिवशी यंत्र आलं. केबिनमध्ये सीट एकच. निवृत्तीने ते नीट चालवलं. सुगंधाबाई यंत्राभोवती फेरी मारून माझ्याकडे आल्या आणि आपण आता काय करायचं, असं त्यांनी विचारलं. बायकांसाठी शिवणकामाचा वर्ग असतो, मी म्हणालो.

"शिवाया येतंय मला, सर. म्हनून तर हितं बसले."

मी फार थकलो होतो. चारची गाडी चुकेल म्हणून निघालो.

दिवाळीनंतर निवृत्तीला फोन केला. यंत्रावरचं काम मिळत होतं, त्याने घेतलं नाही. "हिला एकटीला टोळीत कोन घेतंय?" दोघं पुन्हा कोयता घेऊन गेले होते. मला रागच आला, पाच दिवस पाण्यात गेले.

मग माळ्यावर टाकायला प्रवासाची बॅग रिकामी केली. आतल्या कप्प्यातून विसाव्या जागेचा कोरा फॉर्म निघाला. पाचही दिवस तो माझ्याजवळच होता.